जोडीचा खण

जरा हळू. तो खण असा धाडकन लोटू नका, दुसरा उघडतो. बघा, उघडलाच. घाबरू नका, काही मोडलेलं नाही, मी असाच आहे. मी किनुएचा तान्सू बोलतोय. खणांचं कपाट म्हणा हवं तर, पण कपाट म्हटलं की मला जरा कमीपणा वाटतो.

माझे तीन मजले आहेत, एकावर एक नुसते ठेवलेले. प्रत्येक मजल्याला दोन खण, एक वर आणि एक खाली. पूर्वी माझा रंग फिका, जवळजवळ चांदीसारखा होता. आता चहा सांडून वाळल्यासारखा झालाय. स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामध्ये भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. दिवसातला बराच वेळ मी अर्धवट झोपेत असतो, लाकडाला तेवढी मुभा असते. त्यामुळे मी सांगेन त्यात थोडं स्वप्न मिसळलेलं असेल, ते समजून घ्या.

स्वप्न पडतं ते नेहमी झाडाचं. भातखाचराच्या कडेला पाण्याचा पाट आहे, पाटाशी किरीचं झाड आहे आणि ते झाड मी आहे. किनुए जन्मली त्या वसंतात तिच्या वडिलांनी मला लावलं. आमच्याकडे मुलगी झाली की किरीचं रोप लावायची रीत होती. किरी भराभर वाढतं, मुलगीही भराभर वाढते. ती लग्नाची झाली की झाड तोडायचं आणि त्याचाच तान्सू करून तिच्याबरोबर सासरी पाठवायचा.

दर वसंतात मला जांभळट फुलं यायची. ती खाली पडली की छोटी किनुए एकेक फूल बोटांवर चढवायची आणि दहा बोटांच्या दहा बायका एकमेकींशी भांडायच्या. मी वरून ऐकत असे. धुकं असलं की तिचा फक्त आवाज यायचा, ती दिसायची नाही. का कोण जाणे, मला त्या धुक्यातल्या सकाळी जास्त आठवतात.

मग मला तोडलं. दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. फळ्या करून मला इवासे सुताराच्या अंगणात उभं केलं आणि तसंच ठेवलं, उन्हात, पावसात, बर्फात. किरीच्या लाकडात एक कडू रस असतो, तो सगळा वाहून जावा लागतो. मी आधी काळा पडलो, मग करडा झालो. कुणी माझी चौकशी करत नव्हतं. रस निघून गेला तसा मी हलका झालो, इतका की वारा आला की मला आपण परत झाड झाल्यासारखं वाटायचं.

इवासे सुतार फार कमी बोलायचे. रंधा मात्र असा चालवायचे की माझ्या अंगावरून निघालेला पापुद्रा हातावर धरला तर पलीकडचं दिसायचं. खण बसवून झाले तेव्हा किनुए वडिलांबरोबर बघायला आली होती. तिनं वरचा खण आत लोटला, तर त्याच्या खालचा आपोआप बाहेर आला. तिनं तो लोटला, तर वरचा आला.

"मोडलाय का हो हा?" तिनं विचारलं.

"मोडलेला नाही, पोरी. फट ठेवली नाहीये मी. आतली हवा जाणार कुठे? जोडीदाराला ढकलते."

"म्हणजे आमच्या आत्यांसारखं. एकीला गप्प केलं की दुसरी बोलते."

सुतार हसले. मग त्यांनी तोच खण अगदी सावकाश लोटला, तेव्हा हवा कडेकडेनं निसटली आणि दुसरा खण जागचा हलला नाही. हाच माझा स्वभाव. जोरात लोटलंत तर जोडीचा येतो, हळू लोटलंत तर दोघंही झोपतात.

लग्नाच्या दिवशी मला गाडीत घालून नवऱ्याच्या, म्हणजे तोकुजीच्या घरी नेलं. नवरीचं सामान नेणारी गाडी एकदा निघाली की मागे घ्यायची नाही, नाहीतर नवरी माघारी येते म्हणतात. नेमकी अरुंद पुलावर समोरून मुळ्यांनी भरलेली गाडी आली. किनुएचे दोन्ही मामा उतरले, हातात गोड पाव घेऊन. "दादा, तुम्हीच घ्या हो मागे, पोरीचा प्रश्न आहे." मुळेवाल्यानं पाव खाल्ले, नवरीला बघून घेतलं आणि मग गाडी मागे घेतली. मी ताडपत्रीखाली हे सगळं ऐकत होतो आणि आपण कुणीतरी फार महत्त्वाचे आहोत असं मला वाटत होतं.

त्यानंतर मी झोपलो. खोटं कशाला बोलू, तान्सूच्या नशिबात झोपच जास्त. मला आतल्या खोलीत ठेवलं आणि माझ्या पोटात किमोनो ठेवले, जाड कागदात गुंडाळलेले. ते काही बोलत नसत. वर्षातून एकदा त्यांना वारा द्यायला बाहेर काढत, तेवढा दिवस माझे खण उघडे राहायचे आणि घरातला आवाज आत यायचा. बाळाचं रडणं, मग तेच बाळ पाढे म्हणतंय, मग तीच मुलगी दार आपटून निघून जातेय. ती चिगुसा, यांची एकुलती एक मुलगी. तिचं अख्खं बालपण मी असं तुकड्यातुकड्यांत ऐकलं.

किनुए गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शेकडो पोरांचं जेवण रोज. तिचा हात न बघता झाऱ्यावर पडायचा, न बघता मिठावर पडायचा. तोकुजी चमचे घासून चमकवायच्या कारखान्यात होता. चमचे तो आरशासारखे करायचा, पण स्वतःच्या घरातला चमचा कुठे असतो हे त्याला कधी कळलं नाही. घेतलेली वस्तू जिथे हात रिकामा होईल तिथे ठेवायची, ही त्याची पद्धत. किनुए मागून फिरून सगळं जागेवर लावायची. असं त्यांचं छान चाललं होतं.

मग किनुएचे डोळे गेले. एकदम नाही. आधी कडा गेल्या, मग मधलंही पुसट झालं. तिनं बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. आतल्या खोलीत येऊन ती माझ्यावर हात टेकवून उभी राहायची आणि खिडकीकडे तोंड करून डोळे उघडझाप करायची. मला कळलं होतं. मी कुणाला सांगणार?

एक दिवस हात भाजला आणि मग सगळ्यांना कळलं. चिगुसा साइतामाहून, तिच्या शहरातून, धावत आली. शहरातल्या छोट्या घरांसाठी कपाटं आणि फळ्या आखून देणं हे तिचं काम, आणि ती ते जीव ओतून करायची. आईसाठी तर तिनं काही कमी ठेवलं नाही. एका मापाचे पांढरे डबे आणले, एकावर एक चपखल बसणारे. सगळं त्यांत भरलं आणि प्रत्येकावर मोठ्या काळ्या अक्षरांत नाव चिकटवलं. स्वयंपाकघर इतकं सुंदर दिसायला लागलं की तोकुजी बूट काढल्यावर पायही पुसून आत जायला लागला.

"कसं वाटतंय, आई?"

"फार छान," किनुए म्हणाली. तिला डब्यांवरची अक्षरं दिसत नव्हती आणि हाताला सगळे डबे सारखेच लागत होते. पण पोरीनं गुडघ्यांवर बसून दोन दिवस राबून लावलेलं घर, तिला काय सांगणार?

चिगुसा गेल्यावर तोकुजी डबे वाचून दाखवायला लागला. साखर हवी की तोकुजीला हाक, मीठ हवं की तोकुजीला हाक. त्याला त्यात मोठी मौज वाटायची. किनुए मात्र गप्प गप्प होत गेली. स्वतःच्या स्वयंपाकघरात ती हात मांडीवर ठेवून बसायला लागली.

आणि एका संध्याकाळी ते न्हाणीचं प्रकरण झालं. सुपाच्या माशाच्या पुडीचा डबा तोकुजीनं वाचला, वापरला आणि नेहमीसारखा हात रिकामा होईल तिथे, म्हणजे न्हाणीच्या फळीवर ठेवून दिला. किनुएला सर्दी झाली होती, वास येत नव्हता. न्हाणीच्या फळीवरचा डबा म्हणजे युझूची, त्या सुवासिक लिंबाची पूड, असं समजून तिनं गरम पाण्याच्या टबात चांगली ओंजळभर पूड घातली. तोकुजी पाण्यात जाऊन बसला. बराच वेळ पाणी हुंगत राहिला.

"अगं," शेवटी आतून आवाज आला, "आज पाण्यात काय घातलंयस?"

"युझू. अंग गरम राहतं तुमचं."

"युझू होय. मला वाटलं, माझंच सूप करतेयस."

किनुए पोट धरून हसली. शेजाऱ्यांची मांजर त्या संध्याकाळी तोकुजीची पाठ सोडेना. पण हसणं ओसरल्यावर ती खुर्चीवर बसली ती बसलीच. आणि तोकुजीनं, तो तसा भोळाच, दुसऱ्या दिवशी ही गंमत फोनवर चिगुसाला सांगितली.

चिगुसा हसली नाही. "आज न्हाणीत माशाची पूड, उद्या सुपात न्हाणीची पूड. मी येतेय, बाबा."

ती आली ती ठरवूनच आली. मोठा बर्फ पडायच्या आत दोघांना साइतामाला न्यायचं. त्या रात्रीच्या जेवणाआधी तिघं बसायच्या खोलीत बोलत होते, दार उघडं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"तिथे सगळं हाताशी आहे, आई. तुला काही करावं लागणार नाही."

"तेच तर," किनुए म्हणाली.

"काय तेच?"

"काही करावं लागणार नाही, तेच. मला पाहुणी करून ठेवशील तू, चिगुसा. सकाळी चहा आणून देशील, मी थँक्यू म्हणेन. दुपारी जेवण आणून देशील, मी थँक्यू म्हणेन. स्वतःचा चहा स्वतः करायचा नाही तर मी उठू कशाला सकाळी?"

तोकुजीनं घसा खाकरला. "मला वाचून दाखवायला काही त्रास नाहीये हो," तो म्हणाला, पण त्याचा आवाज थकलेला होता. तो आवाज ऐकूनच किनुए तयार झाली असावी. एवढंच म्हणाली, "येते. पण माझा तान्सू बरोबर येणार."

माझ्या अंगात काय झालं ते कसं सांगू? इतकी वर्षं आतल्या खोलीत पडून होतो, मला वाटलं होतं ती मला विसरली.

माझ्या पोटातले किमोनो काढून चिगुसानं खोक्यांत भरले, आणि बाप-लेकीनं मला उचलून स्वयंपाकघराच्या तोंडाशी आणून ठेवलं, गाडी आली की न्यायला सोपं म्हणून. किती वर्षांनी मला भाताची वाफ लागली. मी पुरता जागा झालो.

आणि मग एक गंमत सुरू झाली. तोकुजी बाहेर गेला आणि चिगुसा कामाच्या फोनवर असली की किनुए पांढऱ्या डब्यांतून एकेक वस्तू काढायची आणि हुंगून, चाखून, चाचपून माझ्या पोटात ठेवायची. वरच्या मजल्यावर वर चहाचा डबा, किटली आणि कप, खालच्या खणात माशाची पूड, मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची बरणी, सुपात घालायचं सुकं शेवाळ, पळी. मधल्या मजल्यावर वर जेवणानंतरचं औषध आणि डोळ्यांचे थेंब, खाली बाजाराची पिशवी आणि घडीची काठी. तळमजल्यावर वर युझूची पूड आणि टॉवेल, खाली रात्रीचे कपडे. पुड्यांबरोबर पुड्या आणि बाटल्यांबरोबर बाटल्या असा तिचा हिशेब नव्हता. सकाळ उजाडल्यापासून निजेपर्यंत हात जसा जातो तसं तिनं मला भरलं.

चहा झाला की वरचा खण ती मुठीनं लोटायची, धप्प. जोडीचा खण बाहेर यायचा आणि तिच्या वाट पाहणाऱ्या हाताला लागायचा. "आलास?" ती हळूच म्हणायची. सूप झालं की तो खण मात्र तळहातानं सावकाश मिटायची, म्हणजे वरचा पुन्हा उघडू नये. आम्हा दोघांचं असं जमलं होतं. मी इतका सुखात कधीच नव्हतो, झाड असतानासुद्धा नाही.

चिगुसाला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच, आईला इजा होऊ नये. एक दिवस किनुए शेजारणीकडे निरोप घ्यायला गेली असताना तिनं मला भिंतीपासून पुढे ओढलं. आत काहीतरी खणखणलं. तिनं खण उघडून चहाचा डबा बघितला आणि सुस्कारा सोडला. "बाबांनी इथेही पसारा घातलाच." तिनं खण लोटला. जोडीचा बाहेर आला आणि तिच्याच पोटाला लागला.

"हा उद्या आईच्या पोटात बसेल," ती म्हणाली, आणि तिनं यंत्र आणून, हवा निसटायला माझ्या वरच्या मजल्याच्या पाठीला आरपार भोक पाडलं. बाकीच्या दोन मजल्यांचं उद्या बघू म्हणून मला परत भिंतीला लावलं.

दुखलं नाही. नुसती थंड हवा येत राहिली, माझ्या पाठीतून, रात्रभर.

सकाळी किनुए सगळ्यांच्या आधी उठली. चहा केला. वरचा खण मुठीनं लोटला आणि हात खाली नेला, तळवा वर करून. काही आलं नाही. तिनं खण ओढून परत लोटला, जरा जोरात. हात तिथेच, हवेत, वाट बघत. मी सगळा जीव एकवटला, पण माझ्याजवळ जोरच उरला नव्हता. सगळी हवा पाठीतून जात होती. तो उघडा तळवा मला अजून दिसतो.

"काय रे," ती कुजबुजली, "तूही दमलास?"

"आई, कुणाशी बोलतेस?" चिगुसा दारात उभी होती. कधीची, कोण जाणे.

किनुए ओशाळली. चोरी पकडल्यासारखी. मग तिनं सांगितलं, चाचपडत, थोडं हसत, की मी तिला पुढचं काम कसं हातात देतो ते. चिगुसानं मधले दोन्ही खण उघडून बघितले, मग खालचे. पिशवी, काठी, टॉवेल, रात्रीचे कपडे. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मी भोक पाडलं, आई. मागून. तुला लागेल म्हणून."

"अगं, तो लागतो म्हणूनच तर मला कळतं," किनुए म्हणाली.

चिगुसाला रडू आवरेना. किनुए तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिली आणि मध्येच म्हणाली, "चहा गार होतोय हं."

त्या दिवशी चिगुसानं डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि स्वयंपाकघरात चहा करायला गेली. दोन डबे पाडले, कपाळ आपटलं, साखरेऐवजी बटाट्याचं पीठ घातलं. तोकुजीनं तो चहा प्यायला. "लापशी छान झालीय," म्हणाला. टॉवेल सोडल्यावर चिगुसानं सगळे पांढरे डबे आपल्या गाडीत नेऊन ठेवले आणि आईशेजारी येऊन बसली. "आता तू सांग. हात पहिल्यांदा कुठे जातो?"

मग त्या दोघींनी मिळून घर लावलं. मुलगी विचारायची, आई हात पुढे करून दाखवायची, आणि जिथे हात थांबेल तिथे वस्तू जायची. खणांच्या कड्यांना कापड बांधायचं ठरलं, मजला हाताला कळावा म्हणून. किनुएनं किमोनोंचं खोकं मागवलं. "लग्नातल्या किमोनोचा पट्टा काप."

"आई, तो जरीचा आहे."

"इतकी वर्षं झोपलाय. आता जरा काम करू दे त्याला."

म्हणून माझ्या वरच्या मजल्याला खरखरीत जरीचं कापड आहे, मधल्याला मऊ रेशीम, आणि तळाला धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड. तोकुजीलाही नियम घालून दिला. "तुम्ही माझे डोळे होऊ नका," किनुए म्हणाली, "घेतलेली वस्तू फक्त जागेवर ठेवा. तेवढं पुरे." तोकुजीला हे डोळे होण्यापेक्षा फार अवघड गेलं.

माझं भोक राहिलं होतं. त्याला किरीचंच लाकूड हवं होतं, दुसरं फुगतं वेगळं आणि आक्रसतं वेगळं. घरात किरीची वस्तू एकच सापडली.

"माझ्या खडावा आहेत त्या," तोकुजी म्हणाला.

"घालता कुठे तुम्ही, बाबा?"

"घालत नाही. पण घालीन असं वाटायचं."

खडावेचा तुकडा तासून चिगुसानं माझ्या पाठीत ठोकून बसवला. तोकुजीच्या पायातलं लाकूड आता माझ्या अंगात आहे, हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

इतकं झालं तरी साइतामाला सामान न्यायची गाडी ठरलेली होती, आणि चिगुसाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. प्रेमानं घर लावलं म्हणून आई सुरक्षित राहील असं थोडंच असतं? ती आईला स्पष्टच म्हणाली, "उद्या सकाळी तू एकटीनं नाश्ता कर. मी आणि बाबा मेजाच्या पांघरुणाखाली हात घेऊन बसतो. जमलं, तर गाडीवाल्याला नको म्हणते. नाही जमलं, तर तू हसत निघायचंस."

"ठरलं," किनुए म्हणाली.

सकाळ झाली. बाहेर बर्फ सुरू झाला होता, खिडकीतून पांढरा उजेड येत होता आणि घर कापसात गुंडाळल्यासारखं शांत होतं. बाप-लेक मेजाशी, त्याच्याखालच्या शेगडीवर पसरलेल्या पांघरुणात हात घालून बसले. शेगडीच्या उबेनं माझं अंग सुकलं होतं. पाठीतला तुकडा मला परका वाटत होता. तो हवा धरील की सोडील, मला खरंच ठाऊक नव्हतं.

चहा झाला. तिनं कप मेजावर नेऊन ठेवले, एक थेंब सांडला नाही. परत आली, जरीवर हात ठेवला आणि वरचा खण लोटला.

काही झालं नाही. तोकुजी अर्धवट उठला. "अगं, जरा खाली, डावी..."

"बाबा," चिगुसा म्हणाली. तो बसला.

किनुएनं खण पुन्हा ओढला. मूठ वळली. त्या मुठीत मला ती शाळेचं स्वयंपाकघर चालवणारी बाई दिसली. तिनं खण असा लोटला की माझे तिन्ही मजले हादरले, पाठीतला तुकडा करकरला आणि घट्ट बसला, आणि जोडीचा खण बोटभर बाहेर आला. बोटभरच. तिच्या बोटांना तेवढा पुरला.

पूड, मिसो, शेवाळ, पळी. तिचे हात पाण्यात मासे फिरावेत तसे फिरत होते. तिनं तीन वाट्या मेजावर आणल्या, स्वतःची शेवटी.

चिगुसानं घोट घेतला. "खारट झालंय."

"लहानपणापासून तू असंच म्हणतेस," किनुए म्हणाली.

चिगुसानं वाटी रिकामी केली आणि पुन्हा पुढे केली. दुसरी वाटी संपवून ती ओसरीवर गेली आणि बर्फात उभं राहून गाडीवाल्याला फोन केला. ती खूप वेळ आत आली नाही. तोकुजी मात्र माझ्याजवळ आला, माझ्या कडेवर थाप मारली आणि कप जागेवर ठेवायला गेला. चुकीच्या जागी ठेवला, मग परत येऊन बरोबर जागी ठेवला.

आता किनुएला उजेडही कळत नाही. मी म्हातारा झालोय, पावसाळ्यात फुगतो, माझे खण अडतात, तेव्हा ती मला रागावत नाही, नुसती थांबते. तुम्ही मला उघडून बघायला आलात, बरं वाटलं. तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी उभं असेल, त्यात काय कुठे ठेवायचं ते दिसायला छान म्हणून ठरवू नका. जो रोज हात घालणार आहे त्याला विचारा, नाहीतर त्याच्या हाताकडे नुसतं बघत बसा. माझं मागणं एवढंच आहे.

जाता जाता या हिवाळ्याचं सांगतो. तोकुजी तापानं अंथरुणाला खिळला. बर्फानं रस्ता बंद, आगगाडी बंद, चिगुसाला येता येईना. किनुए एकटी. तिनं चहा केला, पेज केली, त्याचं औषध काढलं, त्याचं अंग पुसायचा टॉवेल काढला. दिवसभर माझे खण धपधप करत होते आणि मी एकदाही झोपलो नाही. संध्याकाळी चिगुसाचा फोन आला. तिचा आवाज इतका घाबरा होता की मला इथपर्यंत ऐकू आला.

"आई, बाबांकडे कोण बघतंय?"

"मी बघतेय," किनुए म्हणाली. मग तिनं फोन ठेवला आणि त्याचं पांघरूण सारखं करायला गेली.